उरलेले अंतर कोणी कापायचे?

अपंग माणसाला घेऊन यात्रेला किंवा सहलीला निघणाऱ्या कुटुंबापुढचा पहिला प्रश्न उतरायचे कुठे, हा असतो. गाडी, तिकिटे, दर्शनाची रांग हे सगळे नंतर येते. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला रात्री नीट झोपता येईल, सकाळी संडास-आंघोळ उरकता येईल आणि मनात आले की खोलीबाहेर पडता येईल अशी भाड्याची जागा मिळाली तर प्रवास होतो. नाही मिळाली तर घरातले एक माणूस मागे राहते आणि त्याच्या सोबतीला आणखी एक. वरवर पाहता हा सोयीगैरसोयीचा, फार तर बांधकामाचा विषय आहे. पण त्याच्या मुळाशी धर्मचिंतनातला आणि नीतिविचारातला एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट करण्याचा अधिकार सामर्थ्यावर अवलंबून असेल, तर ते सामर्थ्य मोजायचे कसे? आणि ते कमी पडले तर उरलेले अंतर कोणी कापायचे?

महाराष्ट्रात देवदर्शन आणि सुट्टी यांच्यात फारशी भिंत नाही. गणपतीपुळ्याला दर्शन आणि समुद्र एकाच फेरीत होतात. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन झाले की पन्हाळा ठरलेला असतो. भक्तनिवासातली खोली आणि समुद्रकाठचे भाड्याचे घर यांत म्हणूनच तत्त्वतः फरक करता येत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, पाहुणा म्हणून कोणाला गृहीत धरले आहे?

अडथळा नेमका कुठे असतो

खोलीसाठी फोन केला की ‘तळमजल्यावर आहे, काही अडचण नाही’ असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नसते, पण पुरेसेही नसते. तळमजला जोत्यावर असतो आणि जोत्याला पायऱ्या असतात. पायऱ्यांबद्दल विचारले तर ‘दोन-तीनच आहेत, आमची पोरं उचलून घेतील’ असे सांगितले जाते. एक पायरी साधारण १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर होते. सुगम बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते; म्हणजे या तीन पायऱ्यांना ५.४ मीटर, जवळपास अठरा फूट लांबीचा उतार हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला चार-पाच फुटांचा जो सिमेंटचा उतार दिसतो, तो मोटरसायकल आत घेण्यासाठी केलेला असतो. त्यावरून खुर्ची चढवताना ती मागे कलंडण्याची भीती असते आणि उतरताना ती आवरत नाही.

खरी परीक्षा आत, बाथरूमच्या दाराशी होते. हाताने फिरवायची साधी खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. बाथरूमचे दार पुष्कळदा दोन-सव्वादोन फुटांचेच असते. दारात पाणी अडवायला दोन इंचांचा उंबरा असतो. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लावता येत नाही. कमोड दोन भिंतींच्या बेचक्यात बसवलेला असतो, त्यामुळे खुर्ची त्याच्या शेजारी आणून अंग सरकवायला जागा उरत नाही. धरायला दांडा नसतो आणि फरशी ओली असते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा ही अपेक्षा म्हणजे चैन नव्हे. तेवढी जागा नसेल तर प्रौढ माणसाला आंघोळीसाठी दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहावे लागते, आणि तेही परक्या गावात, परक्या घरात.

मीमांसकांचा अधिकारविचार

भारतीय परंपरेत ‘कोणी काय करू शकतो’ याची सर्वांत काटेकोर चर्चा पूर्वमीमांसेत आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय यज्ञाच्या अधिकारासंबंधी आहे. फळाची इच्छा आणि कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य या अधिकाराच्या मुख्य अटी. अवयवात वैगुण्य असलेल्या माणसाचा प्रश्न तिथे स्वतंत्रपणे घेतला आहे. वैगुण्य दूर होण्याजोगे असेल तर ते दूर झाल्यावर अधिकार येतो. कायमचे असेल तर काही विशिष्ट कर्मांचा अधिकार राहत नाही, असा निष्कर्ष निघतो. त्यामागचे कारण भाष्यकार व्यवहारातले देतात. आंधळ्याला तुपाचे अवलोकन करण्याचा विधी करता येत नाही आणि पांगळ्याला विष्णुक्रम, म्हणजे विधीतली ठरावीक पावले, टाकता येत नाहीत.

या युक्तिवादात अपंगत्वाला पाप किंवा अपवित्रता म्हटलेले नाही, ही त्याची जमेची बाजू. पण सामर्थ्य मोजण्याचे माप म्हणून तो विधीचा ठरलेला क्रम घेतो आणि त्या क्रमाला हात लावत नाही. क्रम आधी आणि माणूस नंतर.

मीमांसेत याला छेद देणारी तत्त्वेही आहेत. नित्यकर्म, म्हणजे जे चुकवता येत नाही असे कर्म, सगळ्या अंगांसह जमत नसेल तर जमेल तेवढ्या अंगांसह करावे. मुख्य कर्म सुटू नये. हा यथाशक्तीचा न्याय. तसेच सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याशी जुळणारे दुसरे चालते. साळीऐवजी नीवार आणि सोमवल्लीऐवजी पूतिका ही त्याची ठरलेली उदाहरणे. म्हणजे प्रधान काय आणि अंग काय हे ओळखून अंगात बदल करण्याची मुभा शास्त्रातच आहे. देवळात किंवा धर्मशाळेत शिरताना पायऱ्या चढणे हे तर कोणत्याही कर्माचे अंगसुद्धा नाही. तो केवळ गवंडीकामाचा भाग आहे.

याच अधिकाराध्यायात शूद्रांना यज्ञाचा अधिकार नाकारला गेला, हेही विसरता येत नाही. जन्मावरून घातलेली ती बंदी अन्याय आहे हे महाराष्ट्राला पटायला संतांपासून साने गुरुजींपर्यंतचा काळ लागला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले आणि मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर दहा दिवसांनी ते सुटले. जन्माने घातलेली बंदी दिसते, कारण ती कोणीतरी उच्चारलेली असते. पायरीने घातलेली बंदी कोणी उच्चारत नाही, म्हणून ती निसर्गनियमासारखी वाटते.

तीर्थाचे दार आणि चालण्याची अट

यज्ञाला द्रव्य लागते, साधने लागतात, माणसे लागतात. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगताना पुलस्त्य नेमका हाच मुद्दा मांडतो. गरिबाला न परवडणाऱ्या यज्ञाचे फळ तीर्थाला गेल्याने मिळते. तीर्थयात्रा अशा रीतीने वगळलेल्यांसाठी उघडलेले दार म्हणून पुढे आली. पण या दारालाही एक अट राहिली, ती चालण्याची. ऐश्वर्याच्या दिमाखाने किंवा मोहाने वाहनात बसून केलेली यात्रा निष्फळ होते, असे मत्स्यपुराण सांगते. हा दोष वाहनात नसून दिमाखात आहे. जो असमर्थ म्हणून वाहन घेतो त्याला तो लागू करण्याचे कारण नाही.

ज्याला जाताच येत नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्राने दोन वाटा ठेवल्या. त्यातली पहिली प्रतिनिधीची. कुशगवताची प्रतिमा करून ती एखाद्याच्या नावाने तीर्थात बुडवली तर त्याला आठवा हिस्सा पुण्य मिळते, असे वचन निबंधग्रंथांत येते. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात अशा वचनांचा परामर्श आहे. दुसरी वाट मानसतीर्थाची. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह हीच तीर्थे, असे स्कंदपुराणातले काशीखंड सांगते.

इस्लाममध्येही हज ऐपत आणि शक्ती असणाऱ्यांवरच बंधनकारक आहे. कायमच्या असमर्थ माणसाच्या वतीने दुसऱ्याने केलेली हज-ए-बदल मान्य होते. त्याच वेळी मक्केत सफा आणि मरवा यांच्यामधल्या मार्गात चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळी पट्टी आखलेली आहे. फ्रान्समधले लूर्द हे तर आजाऱ्यांना मध्यभागी ठेवणारे तीर्थ. तिथे रुग्ण आणि अपंग यात्रेकरूंसाठी खास निवासगृहे आहेत आणि मिरवणुकीत त्यांना पुढची जागा मिळते. सूट देणे आणि वाट करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही, हे या दोन्ही ठिकाणी दिसते.

‘मनी भाव असला की घरीच पंढरी’ हे वाक्य स्वतः अपंग माणूस म्हणतो तेव्हा ती त्याची साधना असते. तेच वाक्य भक्तनिवासाचा व्यवस्थापक किंवा घरातला कर्ता माणूस म्हणतो तेव्हा ती पळवाट असते. निवड ज्याची त्याने केलेली असेल तरच मानसतीर्थ हे तीर्थ ठरते.

लऊळचा दृष्टान्त

या प्रश्नावर वारकरी परंपरेतली सर्वांत थेट कथा संत कूर्मदासांची आहे. महिपतींनी ती ‘भक्तविजया’त सांगितली आहे. कूर्मदास पैठणचे, हातपाय नसलेले. पंढरीचे वर्णन ऐकून ते जमिनीवर सरपटत निघाले. सोलापूर जिल्ह्यात आज माढा तालुक्यात असलेल्या लऊळपर्यंत पोचले आणि तिथे शरीर थकले. एकादशी तोंडावर आली होती. त्यांनी पुढे जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडला, आणि पांडुरंगच भक्तांना घेऊन लऊळला आला. कूर्मदासांचे स्थान आजही तिथे आहे.

ही कथा सहसा सांत्वन म्हणून सांगितली जाते. भाव खरा असेल तर देव दारी येतो, जाण्याची गरज नाही. पण कथेची रचना पाहिली तर तसा अर्थ निघत नाही. देव पैठणला आला नाही. कूर्मदासांना जायचे होते, ते निघाले, आणि शरीराने जेवढे होईल तेवढे अंतर त्यांनी कापले. जे उरले ते यजमानाने कापले. ज्याच्याकडे चालण्याचे सामर्थ्य होते त्याने हलायचे, हा इथला नियम आहे. त्यात भक्ताला कोणी उचललेले नाही आणि त्याच्या वतीने दुसरा कोणी गेलेलाही नाही. निरोप धाडला तोही त्यांनीच.

भाड्याच्या घरांच्या प्रश्नाला लावायचे तत्त्व हेच आहे. अपंग पाहुणा आणि त्याचे कुटुंब आपल्या बाजूचे अंतर कापूनच येतात. गाडी, खुर्ची, औषधे, सोबतीचे माणूस, आधी केलेली चौकशी हे सारे त्यांच्याकडून झालेले असते. शेवटचे पाच-सहा मीटर, जोत्यापासून कमोडपर्यंतचे, यजमानाचे आहेत.

सेवा आणि न्याय

‘आमची पोरं उचलून घेतील’ या वाक्यात चांगुलपणा असतो, हे नाकारता येत नाही. श्रावणबाळाची कथा त्याच चांगुलपणाचा आदर्श आहे. अंध मातापित्यांना कावडीत बसवून तो तीर्थाला नेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या आईवडिलांची नावे मात्र बहुतेकांना सांगता येत नाहीत. सेवेच्या कथेत पुण्य सेवा करणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. ज्याची सेवा होते तो त्या पुण्याचे निमित्त बनतो. दयेची ही मर्यादा आहे. दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, तिला वेळकाळ असतो आणि ती घेणाऱ्याला कायम उपकृत ठेवते. उचलणारी पोरे दुपारी जेवायला गेली की खुर्चीवरचा माणूस त्यांची वाट पाहत बसतो.

घरच्या सेवकाचीही बाजू आहे. अडथळ्यांच्या घरात उतरलेल्या कुटुंबातली एक व्यक्ती, बहुधा आई, बायको किंवा मुलगी, सगळी सुट्टी उचलण्यात आणि धरण्यात घालवते. पुंडलिकाच्या कथेत आईवडिलांची सेवा चालू आहे म्हणून देव विटेवर उभा राहून थांबतो. सेवा करणाऱ्याला सवड देणे हे तिथे देवाचेही काम ठरले आहे. सुगम घर हीच सवड देते.

विसाव्या शतकातल्या न्यायविचाराने याच प्रश्नाची मांडणी बदलली. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८० च्या दशकात ‘सामाजिक प्रतिमान’ ही कल्पना रूढ केली. शरीरातील वैगुण्य ही एक गोष्ट, आणि समाजाच्या रचनेमुळे येणारी असमर्थता ही दुसरी. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या ‘समता कशाची?’ या व्याख्यानात अपंग माणसाचेच उदाहरण घेऊन दाखवले की समान साधने दिली म्हणजे समता येत नाही, कारण तीच साधने वापरून प्रत्येकाला सारखेच काही करता येते असे नाही. खोलीचे भाडे दोघांनी सारखेच भरले तरी ज्याला बाथरूममध्ये शिरता येत नाही त्याला खोली मिळालीच नाही. मार्था नुसबॉम यांनी माणसाच्या मूलभूत क्षमतांच्या यादीत खेळ आणि करमणूक यांना जागा दिली आणि २००६ च्या ‘फ्रंटियर्स ऑफ जस्टिस’मध्ये, परस्परांच्या फायद्यावर उभारलेला सामाजिक करार अपंगांना वगळतो, अशी टीका केली.

मीमांसकांच्या भाषेत सांगायचे तर अधिकारासाठी सामर्थ्य लागते हे मान्य करूनही निष्कर्ष बदलतो. सामर्थ्य एकट्या शरीरात नसते. शरीर आणि जागा यांच्या जुळणीत असते. नाशिक जिल्ह्यात वणीजवळच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तेव्हा पायऱ्या न चढू शकणारे अनेक जण दर्शनाला समर्थ झाले. त्यांच्या पायांत काहीच बदल झाला नव्हता.

कायदा काय म्हणतो

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम ३० मध्ये सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत आणि पर्यटनसेवा यांत सहभागाचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही त्यात घेतल्या आणि धार्मिक, सांस्कृतिक व करमणुकीच्या वापराचा स्पष्ट उल्लेख केला. देऊळ, धर्मशाळा, भक्तनिवास आणि हॉटेल ही सगळी म्हणूनच या कक्षेत येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे असल्याने ती केव्हाच उलटली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तयार करण्यास सरकारला सांगितले.

कायद्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पनाही आहे. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगे बदल, असा तिचा अर्थ.

आक्षेप आणि त्यांचा तोल

पहिला आक्षेप खर्चाचा. दोन खोल्यांचे घर पाहुण्यांना देणाऱ्या कोकणातल्या कुटुंबाकडून शेकडो खोल्यांच्या संस्थानाइतकी अपेक्षा ठेवता येत नाही, हे खरे. पण इथे यथाशक्तीचा न्याय यजमानालाच लागू होतो. लिफ्ट जमणार नाही. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे करणे, कमोडशेजारी पक्का दांडा बसवणे, आंघोळीला प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची ठेवणे, पलंग भिंतीपासून सरकवणे हे जमते. सगळी अंगे साधत नाहीत म्हणून प्रधान कर्मच टाकून देणे शास्त्रालाही मान्य नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. जुन्या वास्तूची मोडतोड नको, पायरी पवित्र आहे. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी खरोखरच पवित्र मानली जाते आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. पायरीचा मान राखायला ती एकमेव वाट असण्याची गरज नसते. दुसऱ्या दाराने उतार करता येतो, फक्त ते दार सामान आणण्याचे किंवा कचरा नेण्याचे नसावे.

तिसरा आक्षेप असा की सुट्टी ही काही गरज नाही. पण हा निकष घरातल्या इतरांना कोणी लावत नाही. सगळे निघाले असताना एकासाठीच ‘गरज आहे का’ असे विचारणे म्हणजे त्याला घरातल्या माणसांहून वेगळ्या यादीत घालणे होय.

यजमानाचे आणि कुटुंबाचे कर्तव्य

यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट म्हणजे खरी माहिती. ‘व्हीलचेअर चालते’ हे मत झाले. दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, उताराची लांबी, पलंगाची उंची आणि बाथरूमचा दारातून घेतलेला फोटो ही माहिती झाली. अडचण असेल तर तीही सांगावी. नकार आधी कळला तर कुटुंब दुसरे घर शोधते; मुक्कामाला पोचल्यावर कळला तर रात्र गाडीत काढावी लागते. अपुरी माहिती देऊन घेतलेले भाडे सचोटीचे ठरत नाही.

कुटुंबानेही मोजमापाचे प्रश्न विचारावेत, उत्तरे लेखी घ्यावीत आणि आपल्या खुर्चीची रुंदी स्वतः मोजून ठेवावी. कुठे जायचे, कोणाची मदत चालेल, उचलून घेतलेले चालेल की नाही, हे ज्याला न्यायचे आहे त्यानेच ठरवावे. घरी राहायचे असे त्याने म्हटले तर तो निर्णय मानावा. पण दाराच्या मापाने तो त्याच्यावर लादला जाऊ नये. बाथरूमच्या दाराचे माप घेऊन ते जाहिरातीत लिहायला एक टेप आणि पाच मिनिटे पुरतात. खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी आजच करावे.